उस्तादांच्या टाळ्या

"नाव काय तुझं?"

"कॅडेट सरनोबत, उस्ताद!"

"पायात काय हाय?"

"फुटबॉल, उस्ताद!"

"मग चेंडू पायात आला तवा नाव का न्हाई सांगितलंस?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी छाती पुढं काढून नुसता उभा राहिलो. मागं ओळीत उभ्या असलेल्या संघातून कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसू गिळलं. तो गोलकीपर ढोबळे असणार. एवढ्या मोठ्या देहातून हसू दाबायचं म्हणजे आवाज व्हायचाच.

"ऐका," उस्ताद म्हणाले. "आजपास्नं चेंडू पायाला लागला की आपलं नाव वरडायचं. दुसऱ्याचं न्हाई, आपलं. चेंडू सोडला की गप बसायचं. आलं ध्यानात?"

"येस, उस्ताद!" आम्ही एका सुरात ओरडलो. ध्यानात कुणाच्याच काही आलं नव्हतं.

सुभेदार तातोबा कुराडे, फौजेतून निवृत्त, मूळचे गडहिंग्लजचे. कातळगावच्या आमच्या सैनिकी कॉलेजात फुटबॉलचे नवे मुख्य प्रशिक्षक म्हणून ते आले, तो हा पहिला दिवस. कवायत शिकवणाऱ्या सुभेदार-हवालदारांना आमच्याकडं 'उस्ताद' म्हणत, म्हणून तेही उस्ताद झाले. उंच, काटक, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा की मैदानाच्या टोकाला बोलले तरी मेसमधला स्वयंपाकी कानात बोट घालायचा. तरुणपणी फौजेच्या संघातून खेळले होते आणि चांगलं नाव काढलं होतं.

त्यांच्याआधी आमच्याकडं जे मेजरसाहेब होते, त्यांचा फक्त धावण्यावर विश्वास होता. आम्ही वर्षभर डोंगर चढायचो, उतरायचो, आणि मग सैनिकी कॉलेजांच्या शील्ड स्पर्धेत शेवटून पहिले यायचो. शेवटी आमचे प्राचार्य कर्नल राजाध्यक्ष यांनी सगळ्या कॉलेजसमोर सांगून टाकलं, "या वर्षी शील्ड आली तर ठीक. नाहीतर पुढल्या वर्षी या मैदानावर हॉकी खेळली जाईल." कुराडे उस्तादांना त्यांनी एकाच हंगामासाठी आणलं होतं.

मी कोल्हापूरच्या पेठेतला. आमच्याकडं पोरगं नीट चालायला लागायच्या आत तालमीच्या दारात चेंडूमागं धावू लागतं. मी कॉलेजचा कॅप्टन होतो, पुढं खेळायचो, गोल करायचो आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. माझ्या डोक्यात त्या वर्षी एकच गोष्ट होती. राज्याच्या संघाची जर्सी. निवड समितीचे सावर्डेकर शील्डचा अंतिम सामना बघायला येतात आणि तिथंच पोरं उचलतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे आधी अंतिम सामन्यापर्यंत पोचायला हवं. आणि हे नवे उस्ताद तर आम्हाला आपलीच नावं ओरडायला सांगत होते.

तुम्ही म्हणाल, विचारायचं ना, का म्हणून? पण 'का' हा शब्द आमच्या कॉलेजात गेटवरच जमा करून घेत. हुकूम आला की 'येस' म्हणायचं आणि कामाला लागायचं. पहाटे उठून दगड एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवा म्हटलं तरी आम्ही नेऊन ठेवायचो. दुसऱ्या दिवशी परत आणा म्हटलं तरी आणायचो. त्यामुळं आम्ही ओरडू लागलो. "सरनोबत!" "शिरोळे!" "मुल्लाणी!" कॉलेजातली बाकीची पोरं कुंपणाला रेलून आमची टर उडवायची. मेसमध्ये भाजीचा डाव ताटात पडला की सगळी पंगत मिळून आपापली नावं पुकारायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उस्तादांच्या आणखीही विक्षिप्त सवयी होत्या. मैदानात उतरताना त्यांचा उजवा हात कॅप्टनच्या खांद्यावर असायचा. "आमच्या पलटणीची रीत हाय," ते म्हणाले. मला ते फार आवडलं होतं. सगळ्या कॉलेजदेखत असा माणूस माझ्या खांद्यावर हात टाकून चालतोय म्हटल्यावर मी मान जरा ताठच करायचो. सूचना-फळ्यावरचा कागद ते स्वतः कधी वाचत नसत. "वाच रं कॅप्टन, खणखणीत वाच," म्हणायचे. बसायचा बाक मैदानाच्या मध्यरेषेसमोर, पाण्याची बादली त्याच्या डाव्या अंगाला. एकदा शिरोळेनं बादली उजवीकडं ठेवली, तर उस्तादांचा पाय लागून ती कलंडली आणि शिरोळेला अख्ख्या मैदानाला बेडूकउड्या मारत फेरी घालावी लागली.

"बादलीत काय असतंय एवढं?" शिरोळे धापा टाकत म्हणाला.

"शिस्त," मी म्हणालो. कॅप्टन होतो ना मी.

पण सगळ्यांत गोंधळात टाकणारी गोष्ट ही की आम्ही जिंकायला लागलो.

पहिल्या सामन्यात समोरचे लोक आमच्या ओरडण्याला इतके हसले की त्यांनी दोन गोल खाल्ले. दुसऱ्यात ते हसले नाहीत, तरी आम्ही जिंकलो. हळूहळू लक्षात यायला लागलं की मान न वळवताही चेंडू कुठं आहे ते आम्हाला कळत होतं. "मुल्लाणी!" ऐकू आलं की पाय आपोआप डावीकडं वळायचे, कारण मुल्लाणी डावीकडंच असायचा. झुबेर मुल्लाणी, सात नंबर, मिरजेचा. अंगानं किडकिडीत, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून बसायचा.

आणि उस्ताद बाकावर बसून, मान जरा कलती ठेवून, समोर कुठंतरी बघत बसलेले असत. सामना संपला की एकेकाला समोर उभं करायचे.

"शिरोळे, तू दुसऱ्या डावात नाव वरडायला उशीर करत हुतास. घाबरलास?"

"नाही, उस्ताद."

"घाबरलास. आवाज फुटला तुझा. तो लांबलचक गडी अंगावर आला तवा."

शिरोळे कान पकडायचा. खरंच घाबरलेला असायचा. हे त्यांना कसं कळतं याचा आम्हाला थांग लागेना. ढोबळेचं मत होतं की म्हाताऱ्याला काहीतरी विद्या येते.

मला एकदा त्यांनी एकट्याला थांबवून घेतलं. आदल्या सामन्यात मी दोन गोल केले होते आणि शाबासकीची वाट बघत होतो.

"सरनोबत, तू आपलं नाव लई मायेनं वरडतोस बघ."

"म्हणजे, उस्ताद?"

"बाकीची पोरं एकदा वरडत्यात आणि चेंडू दुसऱ्याला देत्यात. तुझं आपलं 'सरनोबत, सरनोबत, सरनोबत'. तीन-तीनदा. चेंडू तुला सोडवत न्हाई."

"पण गोल झाला ना, उस्ताद."

"झाला की," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. मला राग आला होता. दोन गोल करूनही बोलणी खायची असतील तर करायचं तरी काय?

असे करत करत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर हरणटेकची सैनिकी अकादमी. तीन वर्षं शील्ड त्यांच्याकडंच होती आणि सामनाही त्यांच्याच मैदानावर. त्यांचं मैदान मोठं होतं, सपाट होतं, आणि चहूबाजूंनी पोरंच पोरं. कर्नल राजाध्यक्ष पाहुण्यांच्या मांडवात बसले होते. त्यांच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले, मांडीवर चामड्याची पिशवी घेतलेले सावर्डेकर. मी त्यांना लांबूनच ओळखलं.

उस्ताद माझ्या खांद्यावर हात ठेवून मैदानात उतरले. त्या दिवशी हात जरा जास्तच जड लागला. बोटं रुतत होती.

"बाक कुठं हाय ह्यांचा?"

"मांडवासमोर, उस्ताद."

"मध्यरेषेपास्नं किती लांब?"

"बराच डावीकडं आहे."

मला वाटलं, परक्या मैदानाचं दडपण आलं असेल. एवढ्या मोठ्या माणसालाही दडपण येतं हे बघून मला उलट धीर आला.

सामना सुरू झाला आणि आमची नावं घुमायला लागली. हरणटेकच्या प्रशिक्षकांनी आमच्याबद्दल ऐकलेलं असणार, कारण लगेचच त्यांनी पंचांकडं तक्रार केली. ही पोरं ओरडून आमच्या पोरांचं लक्ष विचलित करतात म्हणून. पंचांनी शिट्टी मारून मला बोलावलं.

"कॅप्टन, हे बंद करायचं. यापुढं चेंडूवर असताना जो ओरडेल त्याला कार्ड दाखवीन."

"येस, सर."

मी सगळ्यांना खुणेनं गप्प केलं. बाकाकडं धावत जाऊन उस्तादांना सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अजिबात वरडायचं न्हाई?"

"नाही, उस्ताद. कार्ड दाखवतील."

"बरं," ते म्हणाले. एवढा बारीक आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

मग सगळा घोटाळा सुरू झाला. आम्ही मुके झालो होतो, तरी फार वाईट खेळत नव्हतो. पायांना सवय झाली होती. पण बाकावरून जे हुकूम सुटत होते त्यांचा आणि खेळाचा काही मेळ बसेना. चेंडू आमच्या गोलजवळ असताना उस्ताद ओरडले, "पुढं सरका सगळे!" आम्ही सरकलो, हुकूम म्हणजे हुकूम, आणि ढोबळे एकटा पडला. मुल्लाणीनं तीन जणांना चकवून चेंडू नेला, तर बाकावरून आवाज आला, "मुल्लाणी, झोपलास काय रं?" मुल्लाणी जागच्या जागी थांबला आणि चेंडू घालवून बसला. माझ्याकडं बघून त्यानं हात पसरले.

मग हरणटेकनं गोल केला. मैदान दणाणून गेलं. आमची तोंडं पडली. आणि तेवढ्यात मी बाकाकडं पाहिलं.

उस्ताद उभे राहून टाळ्या वाजवत होते. जोरजोरात, हसत, मिशा थरथरेपर्यंत.

आमच्या राखीव खेळाडूंची तोंडं उघडी पडलेली. मांडवात कर्नलसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले होते. ढोबळे जाळ्यातून चेंडू काढता काढता माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, मला भास होतोय. पण सगळेच बघत होते.

मध्यंतराला आम्ही बाकाभोवती गोळा झालो. उस्तादांनी हात एकमेकांवर चोळले.

"शाब्बास. एक गोल पुढं हायसा. आता घाई करायची न्हाई. हाय ते राखायचं. मागं माणसं ठेवून खेळा. कळलं?"

आणि आम्ही सगळे, एका गोलनं मागं पडलेले, घामानं निथळणारे, शुद्धीवर असलेले गडी, सवयीनं एका सुरात ओरडलो, "येस, उस्ताद!"

आज तो प्रसंग आठवला की हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. एकानंही म्हटलं नाही की उस्ताद, आपण मागं आहोत. तसं म्हणायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

बाजूला आल्यावर मात्र ढोबळेचा बांध फुटला.

"फितूर झालाय म्हातारा. त्यांच्या गोलवर टाळ्या? आणि आता म्हणतो मागं माणसं ठेवा. विकला गेलाय."

"गप रे," मुल्लाणी म्हणाला, पण त्याचाही आवाज डळमळत होता.

"मग तूच सांग कॅप्टन, काय आहे हे?"

"विचारून येतो," मी म्हणालो. चार वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

उस्ताद बाकावर एकटेच होते. मी बादलीतून पाण्याचा पेला भरला आणि त्यांच्यापुढं धरला. काही बोललो नाही, कारण सुरुवात कशी करावी सुचत नव्हतं. पेला त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. ते समोर बघत होते. माझ्याकडं, पेल्याकडं, थेट. आणि हात हलत नव्हता.

मी पेला डावीकडं नेला. उजवीकडं नेला. त्यांची नजर होती तिथंच राहिली.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

खांद्यावरचा हात, वाचून घेतलेले कागद, कलंडलेली बादली, आणि आपलं नाव आपणच ओरडायचं. सगळं एका क्षणात आठवलं. हंगामभर ज्याला आम्ही विद्या म्हणत होतो ती ही होती.

"सरनोबत, उस्ताद. पाणी आणलंय."

"दे."

पेला मी त्यांच्या हातात ठेवला. बोटं मिटेपर्यंत धरून राहिलो. त्यांना ते कळलं. पाणी न पिताच ते म्हणाले, "समजलं व्हय तुला?"

"उस्ताद, आपण एका गोलनं मागं आहोत."

"म्हंजे टाळ्या मी..."

"हो, उस्ताद."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. जणू त्या हातांचीच चूक होती.

"एक डोळा फौजेत असतानाच गेलता," ते म्हणाले. "दुसऱ्यावर भागत हुतं. हितं आलो तवा धुरकट का हुईना, दिसत हुतं. आता उजेड तेवढा कळतोय. पर नावं ऐकू आली की सगळं मैदान दिसायचं बघ मला. कोण कुठं हाय, कोण भ्यालाय, कोण दमलाय. आज नावं बंद, बाकबी मध्यरेषेपास्नं लांब, आरडा कुठल्या टोकाचा तेच कळंना. फौजेनं मला लई खेळवलं, पर कधी शिकवायला दिलं न्हाई. म्हटलं एक हंगाम मिळतोय, काढू. मग जाऊ गावाकडं." मग आवाज सावरून म्हणाले, "जा, कर्नलसाहेबास्नी सांग. मांडवातनं कुणीतरी येऊन बसंल हितं. तुमचा सामना माझ्यापायी नको जायला."

मी मांडवाकडं पाहिलं. कर्नलसाहेब आमच्याकडंच बघत होते. त्यांना सांगितलं असतं तर मैदानावरच, सगळ्यांदेखत, उस्तादांना हाताला धरून उठवलं असतं. शेजारी सावर्डेकर पिशवीतून काहीतरी काढत होते. माझा सगळा दुसरा डाव अजून शिल्लक होता. एक गोल केला असता तरी पुरे झालं असतं. मला तो गोल दिसत होता, जर्सीचा रंगसुद्धा दिसत होता.

"उस्ताद," मी म्हणालो, "मला बाहेर घ्या."

"काय म्हणालास?"

"माझ्या जागी राखीवमधल्या थोरवतला पाठवा. मी इथं बसून तुम्हाला नावं सांगतो."

"खुळा का काय तू? ते निवडीवालं तुझ्यासाठनं आल्यात. एकदा भाइर आलास की परत आत घेत न्हाईत, ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे."

"हा हुकूम मी देणार न्हाई."

"मग मी पाय मुरगळल्याचं सोंग करून बाहेर येतो."

"लबाडी करणारा गडी माझ्या संघात नको!" ते उसळून म्हणाले. मग थांबले. "थोरवतला बलीव. आणि तू हो भाइर. हुकूम हाय."

"येस, उस्ताद."

मी दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून मुल्लाणीच्या दंडाला बांधली.

"काय चाललंय काय?" तो म्हणाला.

"म्हातारा विकला गेलेला नाही. मी शपथेवर सांगतो. तो जे सांगेल ते करा."

"पण तू का बाहेर?"

"हुकूम."

त्यावर त्याला पुढं काही विचारता येईना. कर्नल राजाध्यक्ष मात्र मांडवातून तरातरा खाली आले.

"सरनोबत, दुखापत झाली आहे का?"

"नाही, सर."

"मग बाहेर का? अंतिम सामन्यात कॅप्टन बाहेर?"

"उस्तादांची ऑर्डर, सर."

त्यांनी उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद समोर बघत ताठ बसले होते. कर्नल हे शेवटी फौजी माणूस. सामना चालू असताना प्रशिक्षकाच्या हुकमात हात घालायचा नाही एवढं त्यांना कळत होतं. ते माघारी गेले आणि सावर्डेकरांना काहीतरी सांगितलं. सावर्डेकरांनी खांदे उडवले. मी मान दुसरीकडं वळवली.

दुसरा डाव सुरू झाला. मी उस्तादांना खेटून बसलो आणि हलक्या आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असा, बोलू लागलो.

"ढोबळे. लांब मारला. शिरोळे. शिरोळे थांबलाय, दोघे अंगावर. थोरवत. गेला, त्यांच्याकडं गेला. त्यांचा दहा नंबर, आपल्या उजवीकडून..."

"शिरोळे कुठं हाय?"

"मधोमध."

"शिरोळे! उजवीकडं!" उस्तादांचा तो मूळचा आवाज मैदानभर फिरला, आणि शिरोळे वेळेत पोचला. राखीव पोरं चमकून बघायला लागली. ढोबळेनं लांबूनच मला अंगठा वर करून दाखवला, म्हणजे सध्या तरी फितुरीचा आरोप मागं घेतला.

पहिल्यांदा मला जमत नव्हतं. मी मध्येच "अरे काय हे!" म्हणायचो, नाहीतर "मी असतो तर" म्हणायचो. उस्ताद माझ्या मांडीवर थाप मारायचे. "तू न्हाईस तिथं. हाय त्यांची नावं सांग." मग मी फक्त नावं सांगू लागलो. दुसऱ्यांची नावं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर खेळत होतो, पण थोरवत चेंडू घ्यायच्या आधी एकदा डावीकडं बघतो, किंवा शिरोळे दमला की मोजे वर ओढतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मुल्लाणी कुठं हाय?"

"डाव्या रेषेवर. एकटाच."

"त्याला तिथं कुजवू नका. मुल्लाणी, मधी ये! थोरवत, तू त्याच्या जाग्यावर!"

दोघांनी जागा बदलल्या. हरणटेकचे गडी क्षणभर गोंधळले, आणि त्या गोंधळात मुल्लाणीनं चेंडू पुढं सारला, डावीकडून थोरवत धावत आला आणि त्यानं तो सरळ जाळ्यात घातला. माझ्या जागी आलेल्या पोरानं. मला आनंद झाला असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. आतून काहीतरी तुटलंही.

"बरोबरी, उस्ताद. थोरवत," मी म्हणालो.

"तुझा आवाज का असा?"

"काही नाही."

त्यांनी चाचपडत माझा खांदा शोधला आणि हात ठेवला. पुढं सामना संपेपर्यंत तो तिथंच होता.

पुढं काय काय झालं ते आधीच सांगून टाकतो. राज्याच्या संघाची जर्सी मला कधीच मिळाली नाही. त्या वर्षी सावर्डेकरांनी मुल्लाणीला उचललं आणि पुढल्या वर्षी माझा गुडघा गेला. आज कोल्हापुरात माझं टायरचं दुकान आहे. जुने लोक अजून विचारतात, काय रं सरनोबत, अंतिम सामन्यात तुला बाहेर का काढला? मी म्हणतो, उस्तादांना विचारा. उस्तादांनी त्याच आठवड्यात कर्नलसाहेबांना सगळं स्वतः सांगितलं आणि गावी गेले. मी गडहिंग्लजला जायचो अधूनमधून. तिथल्या मैदानावर सामने असले की आम्ही पायरीवर बसायचो, मी नावं सांगायचो आणि ते शिव्या द्यायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

पण त्या दिवशी सामना संपायला थोडाच वेळ उरला होता आणि बरोबरी होती. उस्तादांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

"सांग."

"ढोबळे. हातानं टाकला. शिरोळे. लगेच सोडला. थोरवत. थोरवत पुढं चाललाय. पडला! नाही, उठला. मुल्लाणी. मुल्लाणी एकाला चकवून... दुसऱ्याला... मुल्लाणी..."

आणि माझा आवाजच बसला. चेंडू खांबाला लागला, गोलरेषेवर आदळला, आणि मला पुढं बोलता येईना. सगळ्या मैदानातून एकदम मोठा आवाज उठला. तो आनंदाचा की हळहळीचा, आमच्या बाजूचा की त्यांच्या, हे नुसत्या कानानं कुणालाच सांगता आलं नसतं.

उस्ताद उभे राहिले. दोन्ही हात छातीपर्यंत वर आले आणि तिथंच थांबले. एकमेकांना लागेनात. चेहरा माझ्याकडं वळला होता, पण माझ्या जरा बाजूला बघत होता.

"कुणाचा?" ते म्हणाले. "सांग की लेका, कुणाचा?"

पंचांनी शिट्टी मारून मध्यरेषेकडं हात दाखवला. मी उठून त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले.

"वाजवा, उस्ताद," मी म्हणालो. "हा आपला."